समुद्रघोडा पाळायचाय? आधी हे वाच

उत्साह बघून बरं वाटलं, पण रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) आलेला घोडा ओळखीच्या रापणकाराकडून घेणार असशील तर तिथेच थांब. 2001 पासून समुद्रघोडा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाचं जे स्थान, तेच याचं. किमान 3 वर्षांची कैद होऊ शकते. जाळ्यात जिवंत दिसला तर परत पाण्यात सोडायला सांग.

शिवाय हा प्राणी नवशिक्याचा नव्हेच. त्याला पोट नसतं, खाल्लेलं झरझर पुढे सरकतं. दिवसातून तीन-चारदा भरवणार कोण? तू तर सकाळी कामाला जाणार!

खाऱ्या पाण्याचा नाद मात्र सोडू नकोस. टाकीत पैदास केलेल्या क्लाउनफिशच्या (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या माशाच्या) जोडीने सुरुवात कर.

- टाकी शंभर लिटरची तरी घे. लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं.
- पणजीच्या मिरामार किनाऱ्याचं पाणी कॅनने आणू नकोस. तिथे मांडवी नदीच्या मुखाशी पावसाळ्यात ते निम्मं गोडं असतं. आरओचं पाणी आणि मरीन मीठ (खाऱ्या टाकीसाठी मिळतं ते) वापर, सापेक्ष घनता 1.025.
- मासे लगेच नकोत. चार-सहा आठवडे टाकी नुसती चालू दे. अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येईपर्यंत.
- पाणी आटलं की भर म्हणून गोडं पाणीच घाल. मीठ उडून जात नाही. मी पहिल्या महिन्यात खारंच ओतत राहिलो, काचेवर पांढरी खपली धरली तेव्हा डोकं चाललं.

आणि बॅटरीवरचा एअरपंप आजच घे. जूनमध्ये वीज कशी जाते, तुला ठाऊक आहेच. प्रवाळांचं नंतर बघू.