रात्रीचं इंदूर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पथदिवे आणि रोषणाई या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच दुखण्याची होती, म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. राजवाड्याबद्दलच्या पत्रालाही जागा दिली आहे, कारण तो विषय दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही.

आमच्या गल्लीतले पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. उजेड वाढला असं सगळे म्हणतात, पण सासूबाई आता दिवेलागणीनंतर देवळात जायला बिचकतात. मलाही क्लासवरून येणाऱ्या मुलीची काळजी वाटते. हा आमच्या मनाचा खेळ आहे का?
*(वाचक, लोकमान्यनगर)*

मनाचा खेळ मुळीच नाही. तुम्ही जे सांगता ते मोजून दाखवता येतं.

जुन्या सोडियमच्या दिव्याचा उजेड सगळीकडे सांडायचा. रस्त्यावर पडायचा तसा घरांच्या भिंतींवर, ओटल्यांवर, फाटकांवरही पडायचा. त्यात वीज वाया जायची, हे खरं. पण भिंती उजळ असल्या की गल्ली डोळ्यांना मोकळी वाटते. एलईडीच्या भिंगातून उजेड नेमका डांबरावर उतरतो. दिव्याखाली लख्ख, भिंती काळ्या आणि दोन खांबांच्या मध्ये अंधार. लख्ख उजेडातून चालत आलेल्या माणसाचे डोळे त्या उजेडाला सरावलेले असतात, त्यामुळे मधला अंधार आहे त्याहून गडद वाटतो. वयानुसार डोळ्यांना सरावायला जास्त वेळ लागतो, म्हणून सासूबाईंना हे आधी जाणवलं.

दुसरं कारण चेहऱ्याचं. समोरून कोण येतंय हे निदान ४ मीटरवरून ओळखू यावं, म्हणजे बाजूला व्हायला वेळ मिळतो. चेहरा ओळखायला उजेड समोरून किंवा बाजूने यावा लागतो. फक्त डोक्यावरून आला की भुवयांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते आणि ओळखीचा माणूसही परका दिसतो.

रस्त्यांच्या उजेडासाठी भारतीय मानक आयएस १९४४ आहे. त्यात मोठ्या हमरस्त्याला सरासरी ३० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) धरले आहेत, पण वस्तीतल्या छोट्या रस्त्याला ४ ते ८ लक्स पुरे मानले आहेत. अट अशी की सगळ्यात अंधाऱ्या जागीही सरासरीच्या ३० टक्के उजेड हवा. तुमच्यासारख्या गल्ल्यांत बहुतेक वेळा सरासरी उत्तम असते आणि या अटीत गल्ली नापास होते.

मोजायचं असं. चंद्र नसलेली रात्र निवडा. शेजारशेजारच्या दोन खांबांमध्ये तीन रेघा धरा: डावी कड, मध्य, उजवी कड. प्रत्येक रेघेवर दर ३ मीटरला लक्समीटर जमिनीवर ठेवून आकडा लिहा. खांबांत ३० मीटर अंतर असेल तर दोन्ही टोकं धरून ३३ आकडे होतील. त्यांची सरासरी काढा आणि सगळ्यात लहान आकड्याला सरासरीने भागा. उत्तर ०.३ पेक्षा कमी आलं तर तुमची तक्रार पक्की. मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा असतो आणि आकडे निम्म्या-दुपटीने चुकतात. मीटर धरताना आपली सावली त्यावर पडू देऊ नका, ही चूक हमखास होते.

उपाय स्वस्तातल्यापासून सुरू करा. आधी दिव्यासमोर आलेल्या फांद्या छाटून घ्या. मग ब्रॅकेटचा कल पाहा. दिवा रस्त्याला जवळजवळ समांतर हवा, फार तर ५ अंश वर. उजेड लांब जावा म्हणून दिवा १५-२० अंश उचललेला असतो, तो डोळ्यांत घुसतो आणि मधला अंधार तसाच राहतो. नंतर खांबांचं अंतर मोजा. ते खांबाच्या उंचीच्या साडेतीन ते चार पटींत असावं. ७ मीटरच्या खांबांत ३० मीटर अंतर असेल तर वॉट वाढवून काही साधत नाही. दिव्याखालचा झगमगाट वाढतो आणि मधली जागा तुलनेने आणखी काळी होते. अशा ठिकाणी जास्त पसरट भिंगाचा दिवा किंवा मध्ये एक खांब, एवढेच दोन मार्ग उरतात.

तोवर गल्लीतल्या घरांनी फाटकावर ५ वॉटचा, ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितकी छटा पिवळसर, उबदार), झाकलेला दिवा साधारण दोन मीटर उंचीवर लावावा. दहा घरांचे मिळून ५० वॉट होतात. रोज सहा तास धरले तर प्रत्येक घराला महिन्याला एक युनिटही पडत नाही. भिंती उजळतात आणि समोरच्याचा चेहरा दिसू लागतो. गल्लीची रंगत या एवढ्याने परत येते, हे आम्ही खात्रीने सांगतो.

सणावाराला राजवाड्यावर हिरवा, गुलाबी, निळा असा बदलता झोत टाकलेला दिसतो. गर्दी फोटो काढते, पण मला सज्जे आणि कोरीवकाम दिसेनासं होतं. जुन्या वास्तूवर उजेड टाकायची बरोबर रीत कोणती?
*(निवृत्त शिक्षक, रामबाग)*

तुमची नजर बरोबर आहे. लाकूड तपकिरी असतं आणि निळा प्रकाश जवळपास परतवत नाही. म्हणून निळ्या झोतात लाकडी मजले काळे पडतात आणि फक्त चुन्याचे पांढरे भाग निळे दिसतात. शिवाय समोरून सरळ टाकलेला झोत सावल्या पुसून टाकतो आणि कोरीवकाम सावलीवरच उभं असतं.

राजवाड्याला सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. त्यामुळे दोन वेगळ्या पद्धती हव्यात. दगडाला घासून जाणारा उजेड द्यायचा. भिंतीपासून २० ते ३० सेंटीमीटरवर अरुंद झोताची लांबट पट्टी ठेवून उजेड खालून वर सोडला की छिन्नीची खूण न् खूण उठून येते. प्रकाश ३००० केल्विनचा असावा. वर लाकडी सज्ज्यांत मोठे झोत नकोतच. सज्ज्याच्या कठड्यामागे, रस्त्यावरून न दिसणारे, २ ते ३ वॉटचे २७०० केल्विनचे दिवे ठेवायचे आणि उजेड छताच्या खालच्या अंगाला द्यायचा. मग आत समया लावल्यासारखे मजले आतून उजळतात आणि कोरीव खांब त्यापुढे रेखीव उभे राहतात.

झोताचा हिशोब सोपा आहे. १० अंशांचा झोत २० मीटरवर साधारण साडेतीन मीटरचं वर्तुळ पाडतो. ३० अंशांचा झोत त्याच अंतरावर जवळपास पावणेअकरा मीटरचं. चौकातून रुंद झोत मारला की वास्तूच्या कडेबाहेरचा सगळा उजेड आकाशात आणि शेजारच्या खिडक्यांत जातो.

बिघडतं कुठे तेही सांगतो. जमिनीत पुरलेले दिवे पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याने जातात. आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न येऊ देणारा दिवा घेतला तरी खाली ३० सेंटीमीटर खडीचा थर नसेल तर खड्ड्यात पाणी साचतं आणि केबलच्या तोंडातून आत शिरतं. दुसरी चूक केबलची. २४ व्होल्टवर १०० वॉटचे दिवे, २० मीटर अंतर आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात आणि टोकाचे दिवे फिके दिसतात. २.५ ची केबल घातली तर घट सव्वा व्होल्टवर येते. दगडात ड्रिलने भोकं पाडू नयेत. पकड बसवायची तर चुन्याच्या सांध्यात, आणि स्टेनलेस स्टीलची. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आगीची. राजवाड्याने १९८४ सालची आग पाहिली आहे. लाकडी मजल्यांवर २३० व्होल्टची वायर आणि तापणारे ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या डब्या) नेऊच नयेत. ड्रायव्हर खाली लोखंडी पेटीत, वर फक्त कमी दाबाची वीज, आणि तीही धातूच्या नळीतून. वायर कुरतडणाऱ्या घुशी-उंदरांना प्लॅस्टिकची नळी अडवत नाही.

आणि काम देण्यापूर्वी एक रात्र चाचणी घ्यावी. एकच कमान आणि तिच्यावरचा एकच सज्जा उजळायचा, मग समोरच्या बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभं राहून पाहायचं. आजूबाजूपेक्षा वास्तू तिप्पट उजळ असली तरी ती ठळक दिसते. चौकातल्या जाहिरातींचे फलक आवरले तर तेवढ्याला वीजही फार लागत नाही. रंग हवेत तर १५ ऑगस्टसारख्या दोन-चार दिवसांपुरते असावेत. बाकी वर्षभर वास्तूला तिचाच रंग असावा, असं आमचं ठाम मत आहे.

सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटल्यावर रात्री खाण्याचा ठेला लावतो. पांढरा एलईडी लावल्यापासून मावा आणि जिलेबी फिकी दिसते. माल तोच आहे. काय करू?

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा पाहा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो ९० किंवा वर हवा. ८० चा दिवा लाल आणि केशरी छटा खाऊन टाकतो आणि जिलेबीचा जीव त्या छटांत असतो. रंग २७०० ते ३००० केल्विन घ्या. दिवा ताटांपासून हातभर वर आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, त्यामुळे वॉट वाढवावे लागत नाहीत. वर धातूची टोपी लावा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काही जाणार नाही. कढईच्या वाफेने दिव्यावर तेलकट थर बसतो. आठवड्यातून एकदा वीज बंद करून, दिवा गार झाल्यावर, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा.

एक विनंती आमच्याकडूनही. सराफ्यात उंच खांबावरून सगळ्या गल्लीला सपाट पांढरा उजेड देण्याची मागणी कुणी केली तर तिला साथ देऊ नका. बंद शटरांपुढच्या ओटल्यावर प्रत्येक ठेल्याचा आपापला उबदार उजेड, हेच सराफ्याचं रूप आहे. पायाखालच्या पायऱ्या आणि गटाराची झाकणं दिसतील एवढा सार्वजनिक उजेड तिथे पुरतो.

परदेशात शहरांचे प्रकाश-उत्सव भरतात. इंदुरात असं काही करता येईल का?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजेंद्रनगर)*

फ्रान्समधल्या लिऑनचं उदाहरण घ्या. त्या शहराने १९८९ मध्ये नद्या, पूल आणि वास्तू यांचा एकत्र विचार करून प्रकाश-आराखडा केला. पुढे २००२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अशा शहरांची ‘लुसी’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पण तिथल्या उत्सवाचं मूळ १८५२ सालच्या ८ डिसेंबरात आहे. त्या रात्री लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आधी लोकांची रीत होती, मोठी रोषणाई तिच्यावर नंतर आली.

अशी रीत आपल्याकडे आहेच. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर निघतात. हुकुमचंद मिल बंद होऊन तीस वर्षं उलटली, मिलच्या नावाची झांकी मात्र अजून निघते. नवा उत्सव आयात करण्याआधी या रात्रीसाठी एक काम करता येईल. झांक्यांच्या मार्गावरचे पथदिवे निम्म्यावर आणायचे, म्हणजे झांकीवरचे छोटे दिवे खुलतील. त्यासाठी दिव्यांत मंद करता येणारे ड्रायव्हर हवेत. उजेड एकदम न तोडता पाच मिनिटांत हळूहळू उतरवावा. बाजूच्या गल्ल्या, दवाखान्याचं तोंड आणि गर्दी बाहेर काढायच्या वाटा पूर्ण उजळ ठेवाव्यात. पूर्ण अंधार कुठेही करू नये, चेंगराचेंगरीचा धोका असतो.

आमच्या मंडळाला गणपतीत गल्ली सजवायची आहे. वीज खांबावरून घेतली तर चालेल का?

नाही. खांबाची वायर आणि फ्यूज एका दिव्याच्या हिशोबाने असतो. जास्त भार पडला की सगळी गल्ली अंधारात जाते, आणि पावसात सांधा उघडा पडला तर लोखंडी खांबातच वीज उतरते. वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या.

हिशोब असा: १५ वॉटच्या ६० माळा म्हणजे ९०० वॉट, १०० वॉटचे सहा झोत म्हणजे ६००, आणि ध्वनिक्षेपक १५००. एकूण ३००० वॉट, म्हणजे साधारण १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारी कळ), निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ) हवाच. आरसीसीबीचं टेस्टचं बटण रोज आरतीआधी दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली नाही तर त्या रात्री रोषणाई लावू नका. सॉकेटमध्ये शिरण्याआधी वायरला खाली लोंबता झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल. रस्ता ओलांडणाऱ्या माळा ६ मीटरच्या वर बांधा. झाडाला खिळे ठोकू नका आणि खोडाला वायर आवळू नका. फांद्यांवरून सुती दोरीने माळा सोडा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काढा.

घरासमोरचा पथदिवा थेट निजायच्या खोलीत येतो. दुसऱ्या खांबावरचा दिवा लागतो-विझतो आणि तिसरा जांभळट झाला आहे.

पहिल्याला घराच्या बाजूने पत्र्याची आडपट्टी बसवून मागा. रात्री उशिरा निवासी भागात खिडकीवर १ ते २ लक्सपेक्षा जास्त उजेड नसावा, अशी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची शिफारस आहे. दुसऱ्यावर घड्याळ लावून लक्ष ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी विझून पुन्हा लागत असेल तर ड्रायव्हर तापतो आहे. भरभर लुकलुकत असेल तर न्यूट्रल ढिला आहे किंवा आत पाणी गेलं आहे. जांभळट दिव्यात एलईडीवरचा पिवळा थर सुटलेला असतो. तो दुरुस्त होत नाही, दिवाच बदलावा लागतो. तिन्ही तक्रारी इंदूर ३११ ॲपवर वेगवेगळ्या नोंदवा, प्रत्येकीसोबत खांबाचा क्रमांक आणि रात्री काढलेला फोटो द्या. तिन्ही एकत्र लिहिल्या तर एक दुरुस्त होऊन तक्रार बंद होण्याचा संभव असतो.