'रसल' हा इंग्रजी शब्द रोजच्या वाक्यांत कसा वापरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की शब्दकोशात 'रसल'चा अर्थ 'सळसळणे' एवढाच दिलाय, तर तो कागदाला, साडीला, पत्र्यावरच्या पावसाला चालतो का, आणि 'द लीव्ह्ज आर डूइंग रसल-रसल' हे वाक्य बरोबर आहे का. मी चोपडा तालुक्यात दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. हा शब्द माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उच्चार. स्पेलिंग आर-यू-एस-टी-एल-ई असं आहे, पण त्यातला टी उच्चारायचा नाही. लिसन, कासल, व्हिसल यांतला टी गप्प असतो, तसाच हाही. वेस्ट इंडीजच्या आंद्रे रसलचं आडनाव आणि हा शब्द, दोन्हींचा उच्चार एकच. स्पेलिंग तेवढं वेगळं. वर्गात एवढं सांगितलं की 'रस्टल' म्हणणं बंद होतं.

आता अर्थ. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे केळीला पाणी भरायलाही रात्रीच जावं लागतं. नववीत असताना मी वडिलांबरोबर असाच गेलो होतो. वारा पडलेला. मोटार चालू करून आम्ही बांधावर बसलो, आणि बागेत आतल्या अंगाला आवाज झाला. केळीची वाळकी पानं खाली पडून त्यांचा थर साचलेला असतो. त्या थरावरून काहीतरी चाललं होतं. दोन पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. वडिलांनी बॅटरी लावायच्या आधी हळूच विचारलं, "काय खसपस करी र्‍हायनं रे तठे?" सातपुडा जवळ असल्यामुळे बिबट्याची धास्ती कायम मनात असते. मी श्वास रोखून बसलो. शेवटी उजेडात दिसलं ते रानमांजर.

हेच इंग्रजीत सांगायचं तर 'समथिंग रसल्ड इन द ड्राय लीव्ह्ज.' वाळक्या पानांत काहीतरी खसपसलं. किंवा नाम म्हणून, 'आय हर्ड अ रसल इन द लीव्ह्ज.' दोन्ही वाक्यं रोजच्या बोलण्यातली आहेत. आवाज करणारा अजून दिसलेला नाही, फक्त चाहूल लागली आहे, अशा वेळी इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी हा शब्द हमखास येतो. म्हणून 'समथिंग' आणि 'रसल' यांची जोडी लक्षात ठेवा.

गंमत बघा, वडिलांनी 'सळसळ' म्हटलं नव्हतं, 'खसपस' म्हटलं होतं. आपल्याकडे वाऱ्याने झाडाची पानं हलली की सळसळ, पाचोळ्यातून कुणी गेलं की खसपस, कोऱ्या नोटा हाताळल्या की करकर, चिवड्याच्या पुड्याची चुरचुर. इंग्रजीत या सगळ्यांवर एकटा 'रसल' बरंचसं भागवतो. तेव्हा मराठी प्रतिशब्द एकच धरून बसू नका, वस्तू बघा. वस्तू कोरडी हवी, पातळ हवी, हलकी हवी, आणि एकमेकींवर घासायला हवी. एवढं जुळलं की 'रसल' बेधडक वापरा.

आमच्या दादरच्या शेतात हे छान कळतं. दादर म्हणजे खानदेशातली रब्बी ज्वारी. पीक हिरवं असताना आवाज मऊ असतो. कापणीला आलं आणि पानं वाळली की झुळूक आली तरी अख्खं शेत बोलतं. 'द जोवार रसल्ड इन द ब्रीझ.' केळीचं हिरवं पान मात्र रुंद आणि जड, ते वाऱ्यात फडफडतं, त्याला 'फ्लॅप'. तेच पान वाळून खोडाला लोंबायला लागलं की 'रसल'. पिंपळाचं पान हिरवं असूनही 'रसल' करतं, कारण ते चिवट असतं, देठ लांब असतो, आणि जराशा वाऱ्याने ही पानं एकमेकांवर आपटत राहतात.

कागदाला चालतो, आणि इथे कर्म घेऊन वापरता येतो. 'डोन्ट रसल द पॅकेट, द बेबी इज अस्लीप.' पुडा वाजवू नको, बाळ झोपलंय. 'ही रसल्ड हिज न्यूजपेपर.' साडीलाही चालतो, पण सगळ्या साड्यांना नाही. नवी रेशमी किंवा खळ घातलेली सुती साडी असेल तर 'हर सारी रसल्ड अ‍ॅज शी वॉक्ड.' धुऊन धुऊन मऊ पडलेल्या घरच्या लुगड्याला हे वाक्य लावू नका, ते वाजतच नाही.

मराठीतली सळसळ जिथे आवाजापासून सुटते, तिथे मात्र थांबायचं. आपण 'रक्त सळसळतं' म्हणतो, 'सळसळता उत्साह' म्हणतो. इंग्रजीत रक्त 'रसल' होत नाही. ही चूक मी निबंधांत वारंवार बघतो, आणि हुशार मुलांच्या निबंधांत जास्त, कारण ती मराठी चांगलं लिहितात. सापाचंही तसंच. वाळक्या गवतातून गेला तर 'रसल' चालेल, कारण गवत वाजतं. ओट्यावरून सळसळत गेला तर तिथे 'स्लिदर'.

याशिवाय 'रसल अप' हा वेगळाच प्रयोग आहे, आणि तो घरात फार उपयोगी. घरात जे असेल त्यातून पटकन काहीतरी खायला करणं. आमच्याकडे भाजीपाला संपलेला असताना अचानक पाहुणे आले की कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा करायचा आणि वरून शेव सोडायची. 'माय मदर रसल्ड अप शेवभाजी फॉर द गेस्ट्स.' आईने पाहुण्यांसाठी झटपट शेवभाजी केली. इथे आवाजाचा काही संबंध नाही. दोन दिवस आधीपासून ठरवून केलेल्या मांड्यांच्या जेवणाला हा शब्द शोभणार नाही. अमेरिकन इंग्रजीत गुरं चोरण्यालाही 'रसल' म्हणतात आणि गुरं चोरणाऱ्याला 'रसलर'; वाचताना अडू नये म्हणून माहीत असू द्या.

आता तुमचं पानांचं वाक्य. मराठी व्याकरणात सळसळ, खडखड, फडफड यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. आपण नाद दोनदा उच्चारतो आणि पुष्कळदा पुढे 'करणे' जोडतो. तीच सवय तुमच्या 'डूइंग रसल-रसल'मध्ये उतरली आहे. इंग्रजीत 'रसल' हेच क्रियापद आहे, त्याला जोड लागत नाही. मराठीतही आपण 'पानं सळसळतायत' म्हणतोच की, तोच साचा घ्या. 'द लीव्ह्ज आर रसलिंग.'

पत्र्यावरच्या पावसाला मात्र 'रसल' चालणार नाही. पत्रा कडक, थेंब ओले, घासणं कुठेच नाही. रिमझिम असेल तर 'द रेन पॅटर्ड ऑन द टिन रूफ', आणि ताडताड कोसळत असेल तर 'द रेन ड्रम्ड ऑन द टिन रूफ.'