अँबॅसेडर मार्क टू, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतंय: वायसर नंतर, आधी डिपस्टिकचा वास घ्या

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. ६८ची मार्क टू, सकाळी प्रेशर झकास, गाडी तापली की सिग्नलला ऑइल प्रेशरचा काटा १० पीएसआयच्या खाली, आणि गॅरेजवाला म्हणतोय जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर (वॉशर) टाकून देतो, नाहीतर इंजिन खोलू. माझ्या मार्क टूचं जसंच्या तसं हेच झालेलं. पण तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, "ऑइल अजिबात खात नाही, उलट लेव्हल थोडी वरच दिसते", मला खरी काळजी त्याची वाटली. एवढं जुनं १४८९ सीसीचं इंजिन थोडं तरी ऑइल खाणारच. लेव्हल चढतेय म्हणजे चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) दुसरं काहीतरी उतरतंय. पाणी असेल तर ऑइल बहुतेक वेळा दुधाळ होतं, लक्षात येतं. पेट्रोल असेल तर रंगावरून काही कळत नाही.

म्हणून आधी इंजिन थंड असताना डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढून वास घ्या, आणि बोटांत चोळून बघा, पातळ पाण्यासारखं लागतंय का. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करूच नका, ऑइल काढून टाका, आत वाफ साठलेली असते, पेट घेण्याचा धोका असतो. मग ब्लॉकच्या बाजूचा मेकॅनिकल फ्युएल पंप उतरवा. त्यातला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये जातं. आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, जुन्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळे डायफ्राम आणि रबरी पाइप इथेनॉलला टिकणारेच मागा. चोक अर्धवट अडकून राहत असेल तरी पेट्रोल ऑइलमध्ये जातं, तेही बघून घ्या.

आता माझं काय झालं. जुन्या गाड्यांसाठी नावाजलेलं एक वर्कशॉप, नाव घेत नाही. मी स्वतः सांगितलं होतं की लेव्हल वाढतेय. तिथला मुख्य मिस्त्री म्हणाला गाडी उताराला उभी असेल, आणि विषय संपवला. डिपस्टिक नाकाला लावायला किती वेळ लागतो? त्यांनी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकला, सोबत ऑइल बदललं आणि नेहमीपेक्षा जाड भरलं. काटा एकदम वर आला, सगळे खूश. पण प्रेशर वाढलं ते ताज्या ऑइलमुळे, श्रेय मात्र वायसरला गेलं! डायफ्राम फाटलेलाच होता, पेट्रोल उतरत राहिलं, ऑइल परत पातळ झालं आणि एका घाटात बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतात तिथले बेअरिंग) वाजायला लागले. क्रँक ग्राइंडिंगला गेला. कुठे डायफ्रामची किंमत आणि कुठे अख्ख्या इंजिनचं काम! परत गेलो तर म्हणे जुनी गाडी आहे, असं व्हायचंच. याचा मला अजून राग आहे, कारण गाडी जुनी आहे हे कारण नसतं, कारण शोधायचं नसलं की हे बोललं जातं.

वायसरबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. ऑइल पंप ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते पुढे अडथळा असल्यामुळे, बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबल्यावर होतं तसं. रिलीफ व्हॉल्व्हचं काम एवढंच की प्रेशर फार वाढलं तर जास्तीचं ऑइल परत सोडायचं. गरम इंजिन स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू) असताना तो मुळात बंदच असतो. बंद दाराला अजून एक कडी लावून काय होणार? फक्त सकाळी थंड इंजिनात प्रेशर नको तितकं वाढेल आणि फिल्टरच्या बाउलची रबर रिंग गळायला लागेल. हां, व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकलेला असू शकतो, म्हणून ब्लॉकच्या मागच्या बाजूचा तो डोम नट खोलून व्हॉल्व्ह साफ करून बघणं योग्यच, ते स्वस्तातलं काम आहे.

इंजिन खोलायच्या आधी चांगला मेकॅनिकल मीटर लावून आकडे घ्या, जुन्या मीटरवर विश्वास नको. पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत ५० च्या आसपास आणि स्लोला १५ पीएसआय असेल तर मी इंजिनला हात लावणार नाही. दोन्हीकडे कमी असेल तर चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी बघा, मग त्या पंपाचे रोटर, मग क्रँकचे मेन आणि बिग एंड बेअरिंग. (मी मेकॅनिक नाही, गाडी समोर नसताना सांगतोय, तेवढं धरून चाला.)

आणि क्रँक ग्राइंडिंगला द्यावाच लागला तर क्रँकमधली ऑइलची भोकं आणि ब्लॉकच्या गॅलरीचे (ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून स्वतःसमोर साफ करून घ्या, ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवीन बेअरिंग खाऊन टाकते. कॅमशाफ्टची बेअरिंग्जही तपासायला सांगा, ती बरेच जण सोडून देतात आणि मग सगळं नवीन टाकूनही प्रेशर येत नाही.

खाली कुणीतरी इसुझूचं इंजिन टाकायचा सल्ला दिलाय, तो कृपया ऐकू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हीए मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येते, पण इंजिन, चासी, बॉडीत मोठा बदल केला तर तो मार्ग बंद. अर्थात त्या नोंदणीवर रोज गाडी फिरवता येत नाही, त्यामुळे घाई करू नका, आरटीओत नीट चौकशी करा.

वास कसा आला ते, आणि थंड-गरम दोन्ही आकडे इथे टाका, ऑइल कोणतं भरलंय तेही लिहा. तोवर गॅरेजवाल्याला वायसर टाकू देऊ नका.