वाचकांचे प्रश्न : बाहुलीचा पोशाख आणि अंगावरचा पोशाख

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी मोबाइलवर पॉप गायकांसारखे पोशाख चढवण्याचा खेळ खेळते. ‘स्टेजवरची गायिका’ असा विषय आला, की मुकुट, पंख, चंदेरी जाकीट, दोन पट्टे, गुडघ्यापर्यंतचे बूट असे हाती लागेल ते सर्व ती बाहुलीला घालते आणि इतर खेळाडूंनी कमी तारे दिले, की रुसून बसते. आता दुर्मीळ पोशाखांच्या पेटीसाठी ती पैसे मागत आहे. शिवाय गणेशोत्सवातील वेशभूषा स्पर्धेसाठी तोच पोशाख तिला शिवून हवा आहे. काय करावे? – एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तारे कमी का पडतात, येथून सुरुवात करू, कारण शिवणकामाचे उत्तरही त्यातच आहे. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावरील ‘ड्रेस टू इम्प्रेस’सारख्या खेळात दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळेत पोशाख जुळवायचा असतो, मग बाहुली रॅम्पवर चालते आणि इतर खेळाडू एक ते पाच तारे देतात. पाहणाऱ्याला प्रत्येक बाहुली जेमतेम काही क्षण दिसते, त्यामुळे पाच दागिने घातले तर त्यांतील एकही लक्षात राहत नाही. रंगमंचावरील गायकाची अडचणही हीच असते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शिलाई दिसत नाही, त्याला दिसतो तो एकूण आकार आणि एखादी ठळक खूण. १९८३ मध्ये मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मायकल जॅक्सनने एकाच हातात चमचमता पांढरा हातमोजा घातला होता आणि आखूड काळ्या विजारीखालून पांढरे मोजे दिसतील अशी व्यवस्था केली होती, त्यामुळे नजर आपोआप हाताच्या फेकीकडे आणि पावलांकडे जात होती. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीसाठी जपानी वेशकार कान्साई यामामोतो यांनी केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे फुगवले होते. त्याची नुसती काळी सावली दाखवली, तरी तो ओळखू येतो. मुलीला एवढेच सांगा, की आधी गायक निवड, मग त्याची एकच खूण निवड आणि बाकीचा पोशाख तिला जागा देण्यासाठी साधा ठेव. माझ्या मते पंख तर पहिल्यांदा काढावेत; या खेळात ते जो तो लावतो.

पेटीबाबत मी ठाम आहे : पैसे देऊ नका. कोणता पोशाख मिळेल हे आधी ठाऊक नसलेली पेटी विकत घेणे म्हणजे सोडत काढणे होय. याच कारणासाठी ॲपलने २०१७ च्या अखेरीपासून अशा पेट्यांतील वस्तू मिळण्याची शक्यता खरेदीपूर्वी जाहीर करणे बंधनकारक केले. ते आकडे मुलीला मोठ्याने वाचायला लावा. फोनमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते ती सुरू करा, आणि अनोळखी खेळाडूंशी गप्पांची सोय असेल तर ती बंद करा.

आता खऱ्या पोशाखाकडे वळू. बाहुलीला घाम येत नाही आणि तिला बसायचेही नसते. आपल्याकडे गणपतीत हवा किती दमट असते, हे आपण जाणताच. म्हणून चंदेरी कापडाचे पूर्ण जाकीट शिवू नका. घरातले जुने काळे सुती जाकीट किंवा बंडी घ्या आणि मांडवीच्या बाजारातून टिकल्यांची तयार पट्टी आणून ती कॉलर, खांदे आणि बाह्यांच्या टोकांना लावा. काखेत व बाहीच्या आतल्या बाजूला टिकल्या नकोत, त्या कातडी खरवडतात. ही पट्टी बहुधा साखळी टाक्याने गुंफलेली असते, त्यामुळे कापलेल्या टोकाचा दोरा ओढला गेला, की टिकल्या एकामागून एक ओघळू लागतात; कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना चार-चार टाके घालून गाठ मारा आणि मगच मध्ये कात्री चालवा. गुडघ्यापर्यंतचे बूट विकत घेऊ नका. जुन्या काळ्या लेगिंगचे पाय कापून ते शाळेच्या बुटांवर चढवले आणि खाली इलॅस्टिकची पट्टी टाचेच्या पुढून घेतली, की दुरून बूटच वाटतात. पट्टी घसरते का, हे मंडपात नव्हे तर घरच्या गुळगुळीत फरशीवर आधी पाहून घ्या.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा बहिणीबरोबर हाच खेळ खेळतो. त्याचे आजोबा ‘मुलींचे खेळ’ म्हणून त्याची टिंगल करतात. त्याला थांबवावे का? – एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : मुळीच नाही. रंग जुळवणे आणि आकार पारखणे हे शिंप्याचे, नेपथ्यकाराचे, वेशकाराचे काम आहे, आणि वर ज्यांचा उल्लेख केला ते यामामोतो पुरुषच होते. आजोबा संगीत नाटकांचे रसिक असतील तर त्यांना बालगंधर्वांची आठवण करून द्या. बडोदे संस्थानाचा आश्रय लाभलेल्या या नटाच्या लुगड्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण त्या काळी घरंदाज स्त्रिया करत असत. त्या अर्थाने पॉप गायकांचे पोशाख उचलण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. टिंगलीवर उपाय म्हणून आजोबांनाच एक फेरी पोशाख जुळवायला बसवा आणि तारे देण्याचे काम नातवाकडे द्या. मात्र खेळातल्या कपाटात नऊवारी बहुधा सापडणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.