ब्रिटनमध्ये फिल्म-टीव्हीची अप्रेंटिसशिप करायची आहे? मग आधी व्हिसाचं बघ

तू लिहिलंयस की वय २३ आहे, मास मीडियाची पदवी झालीये आणि गेलं दीड वर्ष एका मालिकेच्या सेटवर दिग्दर्शनाच्या टीममध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर काम करतेयस. ब्रिटनमध्ये अप्रेंटिसशिप मिळाली की त्यावरच व्हिसा होतो, असं एका एजंटानं तुला सांगितलंय, आणि त्याला पैसे भरू का, हा तुझा पहिला प्रश्न आहे.

भरू नकोस. अप्रेंटिसशिपसाठी ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही, तसा प्रकारच नाही. तो माणूस एक तर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय. दोन्ही बाबतीत पैसे तुझेच जाणार.

हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण मी स्वतः ती अप्रेंटिसशिप केलीये आणि त्याआधी एकदा हातातली जागा घालवलीही आहे. मी २०१६ च्या फेब्रुवारीत आले, नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करता येते, फ्रीलान्स करता येतं, त्यामुळे जमेल तसं रनरचं, म्हणजे युनिटवर पडेल ते काम करणाऱ्या मदतनिसाचं, काम करत होते. २०१८ च्या शरद ऋतूत एका निर्मिती कंपनीत अप्रेंटिस म्हणून निवड झाली. दोन मुलाखती झाल्या, सुरू होण्याची तारीख ठरली, घरी सगळ्यांना सांगून झालं. मग कागदपत्रं तपासताना कळलं की मला इथे राहून दोन वर्षं आठ महिनेच झालेत. लागतात तीन. तीन ओळींचा ईमेल आला आणि जागा दुसऱ्याला गेली. कंपनीला हा नियम पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवा होता, जाहिरातीत लिहायला हवा होता. पण तो मलाही माहीत असायला हवा होता, म्हणून तुला आधी तोच सांगते.

इंग्लंडमध्ये अप्रेंटिसच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी निधीतून होतो. एप्रिल २०१७ पासून ज्या कंपन्यांचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे त्यांना त्याच्या ०.५ टक्के लेव्ही (एक प्रकारचा कर) भरावी लागते, आणि तो पैसा मुख्यतः अप्रेंटिसच्या शिक्षणावर खर्च होतो. सरकारचा पैसा म्हटल्यावर अटी आल्या. भारतातून आलेल्या माणसासाठी ढोबळ अट अशी: इथे राहण्याची रीतसर परवानगी हवी, ती शिक्षणासाठी मिळालेली नसावी, आणि आधीची सलग तीन वर्षं मुक्काम इथेच असावा. शिवाय अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत व्हिसा शिल्लक पाहिजे. म्हणजे स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिप नाही, आणि आज विमानातून उतरलेल्यालाही नाही. पदवी असणं मात्र आड येत नाही. या कामात आपण खरोखर नवं काही शिकणार आहोत एवढं दाखवावं लागतं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, पण नव्यानं आलेल्यासाठी तिथेही दार सताड उघडं नाही.

मग तुझ्यासाठी काय उरतं? बरंच काही. फक्त क्रम उलटा कर. आधी असा व्हिसा शोध ज्यावर फ्रीलान्स करता येईल, आणि उमेदवारी त्याच्यावर उभी कर. फ्रीलान्स या शब्दावर मी अडून बसते, कारण इथली युनिटं, म्हणजे चित्रीकरणाच्या टीम, कायमच्या नोकऱ्यांवर चालत नाहीत. एक मालिका चार-पाच महिने चालते, संपली की सगळे पांगतात आणि पुढच्या कामावर पुन्हा गोळा होतात. एकाच मालकाला बांधून ठेवणारा व्हिसा इथे गळ्यातली धोंड होतो.

तुझ्या वयाला आणि परिस्थितीला सगळ्यात जुळणारा आहे इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला. १८ ते ३० वयाच्या, किमान पदवी असलेल्या भारतीय नागरिकांसाठी, दोन वर्षांचा, वर्षाला ३,००० जागा. निवड सोडतीनं होते. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर वर्षातून साधारण दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत, दोनेक दिवस अर्ज घेतात. सोडतीत नाव घालायला एक पैसाही लागत नाही, एजंट लागत नाही, लागतो तो पासपोर्ट. नाव निघालं तर व्हिसाचा अर्ज करायला ९० दिवस मिळतात. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात, आणि व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभाराचे दोन वर्षांचे १,५५२ पौंड आधीच भरावे लागतात. या व्हिसावर मालक बदलता येतो, स्वतःचं फ्रीलान्सही करता येतं, मात्र कामाची सामग्री ५,००० पौंडांच्या आत हवी आणि हाताखाली पगारी माणसं ठेवता येत नाहीत. मुदत वाढत नाही. आयुष्यात एकदाच मिळतो. नाव नाही निघालं तर पुढच्या सोडतीत पुन्हा घालायचं. वय बघता तुला अजून बऱ्याच संधी आहेत.

दुसरा रस्ता इथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मग ग्रॅज्युएट व्हिसा. बीकन्सफील्डला १९७१ पासून चालणारी नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल आहे, इतर विद्यापीठांतही चांगले अभ्यासक्रम आहेत. पण शिकत असताना सत्रात आठवड्याला २० तासच काम, आणि फ्रीलान्स अजिबात नाही. 'उद्याच्या दिवसापुरती ये, इनव्हॉइस पाठव' असं कुणी म्हणालं आणि तू गेलीस, तर नियम तू मोडलेला असतो, त्यांनी नाही. नंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स चालतं. तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना (पीएचडी सोडून) १८ महिनेच मिळणार आहेत. घर गहाण ठेवून हा रस्ता घेऊ नकोस. इतकी मोठी फी रनरच्या पगारातून फिटत नाही.

स्किल्ड वर्कर व्हिसा विसर. जुलै २०२५ पासून त्याची सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे आणि काम पदवीच्या पातळीचं लागतं. रनर, ट्रेनी, असिस्टंट यांतलं कुणीच त्यात बसत नाही.

आता काम. अप्रेंटिस आणि ट्रेनी हे शब्द इथे सैलपणे वापरले जातात, पण तुझ्यासाठी त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. अप्रेंटिस म्हणजे लेखी करार, नोकरीच्या वेळातलं प्रशिक्षण आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून मूल्यमापन. ट्रेनी म्हणजे युनिटवर एखाद्या खात्यात शिकाऊ म्हणून लागणं. कॅमेरा ट्रेनी, कॉस्च्युम ट्रेनी, लोकेशन ट्रेनी. तिथे सहसा एवढंच बघतात की तुला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे का. तो यंग प्रोफेशनल्स व्हिसानं मिळतो. म्हणजे तुझं दार हे. स्क्रीनस्किल्स ही या धंद्याची कौशल्य-संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर प्रत्येक खात्यातल्या प्रत्येक कामाचं वर्णन फुकट वाचता येतं. आधी ते वाच, कारण 'मला कुठलंही काम चालेल' हे इथलं सगळ्यात कमी कामाचं वाक्य आहे. मी ते पहिली दोन वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत होते. उत्तरं यायला लागली ती 'मला प्रॉडक्शन ऑफिसमध्ये यायचंय, कॉल शीट आणि प्रवासाची व्यवस्था करता येते' असं लिहायला लागल्यावर. (कॉल शीट म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळा आणि पत्ते लिहिलेला कागद.)

तुझा कल सेटकडे आहे हे कळतंय, तरी प्रॉडक्शन ऑफिसचा आणि प्रॉडक्शन अकाउंट्सचा विचार जरूर कर. दिग्दर्शन आणि कॅमेरा सगळ्यांनाच हवा असतो. हिशेबाकडे कुणी वळत नाही, म्हणून तिथे चांगली माणसं कमी पडतात, आणि प्रत्येक युनिटला लागतातच.

आणखी एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा कळली. या धंद्यात अप्रेंटिसशिप इतक्या कमी का? कायद्यानं ती किमान १२ महिन्यांची असायची आणि बहुतेक चित्रीकरणं तेवढी टिकतच नाहीत. म्हणून पुढे फ्लेक्सी-जॉब एजन्सी आल्या. अप्रेंटिस नोकरीला त्या एजन्सीकडे असतो आणि एका युनिटवरून दुसऱ्या युनिटवर फिरतो. ऑगस्ट २०२५ पासून किमान मुदत आठ महिन्यांवर आलीये. ही माहिती तुला लगेच लागणार नाही, पण पुढे कधी इथे तीन वर्षं झाली, लग्नामुळे किंवा दुसऱ्या कुठल्या व्हिसामुळे, तर शोधायचं कुठे ते माहीत असू दे. मला दुसऱ्यांदा संधी मिळाली ती २०१९ मध्ये, दुसऱ्याच कंपनीत, ब्रॉडकास्ट प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून. आज मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर आहे, आणि त्या वर्षात शिकलेल्या गोष्टी रोज वापरते.

रनरचा दिवस तुला ओळखीचा वाटेल, पण इथे कागदाला फार मान आहे. आदल्या संध्याकाळी कॉल शीट येतं. त्यात युनिट बेस आणि लोकेशन असे दोन पत्ते असतात. बेसवर गाड्या, मेकअप, जेवण, लोकेशनवर चित्रीकरण. दोन्हींत कित्येकदा काही किलोमीटरचं अंतर असतं, तेव्हा आपल्याला कुठे जायचंय ते शोधून काढायचं, गृहीत धरायचं नाही. साधारण दहा तास काम अधिक एक तास जेवण असा दिवस असतो, रनर त्याच्या आधी येतो आणि नंतर जातो. कामाच्या दोन दिवसांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती मिळायला हवी, हे १९९८ पासून नियमात आहे. लॉक ऑफ, म्हणजे चित्रीकरणापुरता रस्ता अडवायचा हुकूम, दिला की रस्त्यावरच्या माणसांना नम्रपणे थांबवायचं, आणि वॉकीटॉकीवर कमीत कमी शब्दांत बोलायचं. सेटवर तुला आपल्याकडे आरडाओरडा करायची सवय लागली असेल, तर ती सोड. आणि वेळ! आठचा कॉल म्हणजे पावणेआठला रेडिओ कानाला लावून तयार. दुसऱ्या दिवसासाठी रोजंदारीवर कुणाला बोलवायचं हे सेकंड एडी, म्हणजे दुसरा सहायक दिग्दर्शक, रात्री ठरवतो, तेव्हा त्याला आठवतात ती ही माणसं.

गाडी शिकून ये. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण मी वाहन परवान्यावाचून निदान दहा कामं घालवली. बरेचसे स्टुडिओ शहराबाहेर आहेत, पहाटे पाचला तिथे बस जात नाही. भारतीय परवान्यावर इथे आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते, आणि तिची तारीख मिळायला महिनोन् महिने लागतात. आलीस की लगेच प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवान्याचा अर्ज कर.

राहायचं कुठे? सगळे लंडन म्हणतात, कारण पाइनवुड, शेपर्टन, लीव्हझ्डन हे मोठे स्टुडिओ त्याच्याच आसपास आहेत. पण तिथलं भाडं रनरच्या कमाईचा निम्मा भाग खातं. कार्डिफ, ब्रिस्टल, बेलफास्ट, ग्लासगो आणि मँचेस्टरजवळचं सॅलफर्ड इथे सतत काम चालतं. बीबीसीची खाती २०११ मध्ये सॅलफर्डला हलली तेव्हापासून तिकडे टीव्हीची माणसं मुरली आहेत. लहान जागी तुझं नाव लवकर होतं. मला विचारशील तर कार्डिफ.

पैशाबाबत स्पष्ट बोलते. एप्रिल २०२६ पासून २१ आणि त्यापुढच्या वयाच्यांचं किमान वेतन ताशी १२.७१ पौंड आहे, आणि पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसचं ८ पौंड. युनिटवर काम करायचं तर किमान वेतन हा तुझा कायद्यानं हक्क आहे. 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवणाऱ्याला नाही म्हण. शिकाऊ जागेसाठी उलट तुझ्याकडेच पैसे मागणाऱ्याला तर उत्तरही देऊ नकोस. दर ठरवताना त्यात रजेचे पैसे धरलेत का, हे विचार. बेक्टू ही इथली युनिटच्या कामगारांची संघटना, तिचे दरपत्रक वाच आणि परवडलं की सभासद हो.

आणि काम कायम मिळेल असं समजू नकोस. २०२३ मध्ये अमेरिकेत लेखकांचा आणि नटांचा संप झाला, तेव्हा इथले स्टुडिओ रिकामे पडले, कारण मोठा पैसा तिकडून येतो. संप मिटल्यावरही फेब्रुवारी २०२४ मध्ये बेक्टूच्या पाहणीत ६८ टक्के लोकांच्या हाताला काम नव्हतं. मी स्वतः त्या काळात सात महिने बसून होते. तेव्हा २,५३० पौंडांवर येऊ नकोस. सहा महिने एकही दिवस काम मिळालं नाही तरी भाडं भरता येईल एवढं जमवून ये. त्यासाठी एक सोडत उशीर झाला तरी चालेल.

दोन वर्षांनंतर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मला झाकून ठेवायचं नाही. बहुतेक लोक परत जातात. तू चार-पाच निर्मितींची नावं, इथल्या कागदपत्रांची सवय आणि ओळखी घेऊन परत जाशील, आणि भारतात चित्रीकरणाला येणाऱ्या परदेशी युनिटांच्या लाइन प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे इथली-तिथली सगळी स्थानिक व्यवस्था बघण्याच्या कामात, अशा माणसाची गरज असते. किंबहुना निघण्यापूर्वीच तिथे काम मिळतंय का बघ. एका परदेशी युनिटचं कॉल शीट तुझ्या अर्जाला जोडलेलं असलं, तर इथला कोऑर्डिनेटर तो अर्ज शेवटपर्यंत वाचतो. मी तरी वाचते.

शेवटचा प्रश्न, स्वतःचा कॅमेरा आणू का. नको. ट्रेनीला तो कुणी काढू देत नाही. त्या पैशात पाणी न शिरणारे चांगले बूट आणि पावसाळी जॅकेट घे, उरलेले भाड्यासाठी ठेव. आणि पासपोर्टची मुदत आजच बघ. संपत आली असेल तर पुढच्या सोडतीआधी नवा करून घे.