आईचा लॅपटॉप लांबून सांभाळायला वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की आईसाठी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतलाय, ती दुसऱ्या गावी असते, तिला मेल बघायचेत, घरखर्चाची एक शीट दोघांनी मिळून भरायचीय आणि तिला काही अडलं तर तुम्हाला घरबसल्या बघता आलं पाहिजे, तर त्यासाठी रिमोटचं एखादं पेड सॉफ्टवेअर घ्यावं का. नका घेऊ. लागतं ते जवळजवळ सगळं लॅपटॉपमध्ये आधीच आहे. मी बरीच वर्षं घरातल्या तीन-चार जणांचे कॉम्प्युटर असेच लांबून बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकच गोष्ट धरून चाला, लॅपटॉप आईचा आहे आणि तो तिच्याच ताब्यात राहील अशा बेताने सगळं लावा, तुमच्या सोयीने नाही.

आधी मेल. जुन्या कॉम्प्युटरवर ती जे निळ्या पाकिटाचं 'मेल' ॲप वापरत होती त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला, त्याच्या जागी आता नवीन आउटलुक येतं आणि ते लॅपटॉपमध्ये असेलच. त्यात जीमेल जोडता येतं, पण जोडताना एक परवानगी विचारतात ती नीट वाचा, कारण हे आउटलुक मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये घेऊन मग दाखवतं. ते चालत असेल तर ठीक, नसेल तर थंडरबर्ड हे मेलचं दुसरं ॲप फुकट आहे आणि ते मेल थेट जीमेलकडून आणतं. सर्व्हरवरचे मेल ॲपमध्ये आणायच्या दोन पद्धती असतात, आयमॅप आणि पॉप, काहीही वापरलं तरी अकाउंट आयमॅपनेच जोडा, पॉपने नको. हे मी पोळल्यावर सांगतोय. माझ्या वडिलांचं अकाउंट मी एकदा पॉपने जोडलं आणि सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक राहून गेली, त्यामुळे मेल उतरले की सर्व्हरवरून पुसले जात होते आणि हे आम्हाला डिस्क बंद पडली तेव्हा कळलं. कितीतरी वर्षांची पत्रं गेली. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच असतात, त्यामुळे लॅपटॉप बदलला, बिघडला तरी नव्यावर लॉगिन केलं की सगळं परत दिसतं.

शीटबद्दल, ती मेलने इकडून तिकडे पाठवू नका. आठवडाभरात 'हिशोब', 'हिशोब नवा', 'हिशोब नवा २' अशा फाइली होतात आणि मग कुठली खरी ते दोघांनाही सांगता येत नाही. तशीही मोठी फाइल मेलने जात नाही, जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी अटॅचमेंट पाठवताना तिचं रूपांतर होऊन ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासच गाडी अडते. त्यापेक्षा शीट वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या फाइल-जागेत ठेवा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटबरोबर ५ जीबी जागा फुकट मिळते आणि ब्राउझरमधलं एक्सेलही फुकट आहे, दोघांनी एकाच वेळी उघडलं तरी दुसरा कुठल्या रकान्यात लिहितोय ते दिसतं. शेअर करताना 'लिंक असलेला कोणीही' असं ठेवू नका, आईचा ईमेल टाकून फक्त तिलाच एडिटचा हक्क द्या. तिला भीती वाटेल की आपल्या हातून काही पुसलं तर काय, तर तिला सांगा की जुन्या आवृत्त्या परत आणता येतात आणि अख्खी फाइल डिलीट झाली तरी वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते. ही भीती गेल्याशिवाय ती शीटला हात लावणार नाही, निदान आमच्याकडे तरी तसंच झालं होतं.

आता रिमोट मदत. विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाचं ॲप आहे, २०१६ पासून आहे, पण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोघांनीही कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकत्र दाबायची. तुम्ही मदत करणारे म्हणून तुम्हाला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करावं लागतं, आईला नाही. तुमच्याकडे एक कोड येतो, तो फोनवर वाचून दाखवायचा, तिने तिच्याकडे टाइप करायचा आणि परवानगी द्यायची की तिची स्क्रीन तुम्हाला दिसते. कोड १० मिनिटंच चालतो, तेव्हा ॲप तिच्याकडे उघडलंय ना हे विचारूनच तो काढा. सुरुवातीला तुम्हाला फक्त दिसतं, माउस हवा असेल तर वेगळी विनंती करावी लागते आणि ती तिने मान्य करावी लागते. माझं म्हणणं असं की दहातल्या आठ वेळा ही विनंती करूच नका. 'वर डावीकडे बघ, तीन रेघा दिसतात का, त्यावर क्लिक कर' असं सांगत तिच्या हातून करून घ्या. वेळ दुप्पट लागतो हे खरं, पण पुढच्या वेळी त्याच कामासाठी फोन येत नाही.

एका ठिकाणी नवखे लोक हमखास घाबरतात. काही इन्स्टॉल करताना 'या ॲपला बदल करू द्यायचे का' अशी खिडकी येते, तेव्हा तुमच्याकडची स्क्रीन एकदम काळी होते. जोडणी तुटलेली नसते, ती खिडकी मुद्दामच लांबच्या माणसाला दाखवत नाहीत, तिथे होय तिनेच म्हणायचं असतं. आईचं अकाउंट साधं असेल, ॲडमिन (असे बदल करायचा हक्क असलेलं) नसेल, तर तिथे ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो तुम्हाला इथून टाइप करता येत नाही, म्हणून तो तिच्या वहीत आधीच लिहून ठेवा. मधे रीस्टार्ट करावं लागलं तर पुन्हा नव्या कोडपासून सुरुवात धरून चाला.

लांबून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची आणखी एक सोय आहे, रिमोट डेस्कटॉप, तिच्या नावाने फसू नका. विंडोजच्या होम आणि प्रो अशा आवृत्त्या असतात, त्यातली होम असलेल्या लॅपटॉपला त्याने बाहेरून जोडताच येत नाही, आणि प्रो असलं तरी तुम्ही आत शिरलात की तिच्यासमोरची स्क्रीन लॉक होते, मग ती काय शिकणार? ते स्वतःच्याच दुसऱ्या मशीनवर काम करायला चांगलं. तुमच्याकडे मॅक असेल तर मात्र क्विक असिस्टने तिला मदत करता येणार नाही, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिला स्क्रीन शेअर करायला सांगा, नुसतं बघून तोंडी सांगायला तेवढं पुरतं.

आणि हे आईला स्वतः सांगा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं होतं की एक टोळी लोकांच्या इनबॉक्समध्ये आधी मेलचा पूर आणते, मग आयटी सपोर्टवाले म्हणून फोन करते आणि क्विक असिस्ट उघडायला लावून मशीन ताब्यात घेते. ॲप तेच, कोड तसाच, पलीकडचा माणूस फक्त वेगळा. त्यामुळे आमच्या घरी नियम केलाय की ज्याला अडचण आहे त्याने स्वतः फोन लावायचा, समोरून आलेल्या फोनवर कोड टाकायचाच नाही, अगदी माझं नाव सांगितलं तरी फोन ठेवून माझ्या नंबरवर परत लावायचा.

पुढच्या वेळी तिच्याकडे जाल तेव्हा तुमचाही लॅपटॉप न्या, दोघं शेजारी बसून क्विक असिस्ट एकदा पूर्ण करून बघा, कोड तिलाच टाकू द्या आणि बंद कुठून करायचं तेही तिलाच शोधू द्या. ॲप जुनं असेल तर स्टोअरमधून अपडेट मागतं, तेही तेव्हाच उरकून घ्या.