ऊस तोच, मग मॉरिशस पुढे आणि फिजी मागे का?

काही देश श्रीमंत होतात आणि काही गरीबच राहतात, हा खनिजांचा आणि सुपीक जमिनीचा फरक आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या भागातून मजूर ऊस तोडायला मॉरिशसला गेले, म्हणून तिथलंच उदाहरण देतो.

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचं भवितव्य बिकट आहे असं लिहिलं. चूक म्हणवत नाही. निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी साखर, मलेरिया हटल्यावर भराभर वाढलेली लोकसंख्या, तेल नाही, कोळसा नाही. त्यात १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली आणि १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल पेटली.

पण पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षालाच सत्तेत घेतलं. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांच्या जमिनी त्यांनी हिसकावल्या नाहीत. साखरेच्या निर्यातीवर कर मात्र वसूल केला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. आपलं कोणी काढून घेणार नाही हे पटल्यावर मळेवाल्यांनी साखरेचा नफा बेटावरच कापडाच्या कारखान्यांत घातला. १९७० च्या कायद्याने निर्यातीच्या कारखान्यांना करसवलत होतीच, हाँगकाँगचे कारखानदारही आले. मळ्यावरच्या मजुरांच्या मुली तिथे कामाला लागल्या आणि घरात दुसरा पगार येऊ लागला. माझ्या मते खरा बदल इथे झाला.

नशिबाचीही साथ होती. १९७५ च्या करारामुळे युरोप ठरलेल्या भावाने साखर घेऊ लागला. पण तोच करार फिजीलाही मिळाला होता! तिथेही ऊस, तिथेही इंग्रजांनी नेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर. १९८७ मध्ये भारतीय वंशीयांच्या पाठिंब्यावर आलेलं सरकार लष्कराने महिन्याभरात उलथवलं. त्याच वर्षी पुन्हा बंड, मग २००० आणि २००६ मध्ये. शिकलेली माणसं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला निघून गेली. शेतकऱ्यांची जमीन भाडेपट्ट्याची होती. पट्टे संपले तशी कितीतरी कुटुंबं ऊस सोडून उठली. मॉरिशसने कायमस्वरूपी सैन्यच ठेवलेलं नाही.

तिथे सगळं छान आहे असं मात्र समजू नका. मोठ्या जमिनी अजून मोजक्या घराण्यांकडेच आहेत, आणि गुलामांच्या वंशातले क्रिओल लोक या भरभराटीत बरेच मागे राहिले.